जॉन बॉइड डनलॉप

उरणच्या रस्त्यानें न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांची रांग आमच्या विद्यार्थ्यांस नवी नाहीं. त्यांतील एखादी गाडी चाक पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला थांबते, ड्रायव्हर खालीं उतरून जॅक लावतो व स्टेपनी काढतो, हेंहि नेहमींचेंच. हें हवेचें चाक प्रचारांत आणणारा पुरुष कोण, आणि त्याच्या चाकाला स्टेपनीची जोड कशी मिळाली, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉन बॉइड डनलॉप याचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजीं स्कॉटलंडांतील ड्रेगहॉर्न या खेड्यांत एका शेतकरी कुटुंबांत झाला. त्यानें एडिंबरो येथें पशुवैद्यकाचें शिक्षण घेतलें व १८६७ सालीं तो आयर्लंडांत गेला. पुढें बेलफास्ट शहरांत त्याचा चांगला जम बसला.

त्याचा लहान मुलगा तीनचाकी सायकलीवर बसून दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून हिंडत असे. त्या काळीं चाकांना भरीव रबर असल्यामुळें हादरे फार बसत. मुलाचा हा त्रास कसा टळेल, याचा विचार १८८७ सालीं बापाच्या मनांत घोळूं लागला. त्यानें पातळ रबराची एक नळी केली, ती लांकडी चकतीभोंवतीं बसविली व तींत हवा भरली. मग सायकलीचें भरीव चाक आणि ही चकती त्यानें अंगणांत घरंगळत सोडून पाहिलीं. भरीव चाक वाटेंतच आडवें पडलें. चकती मात्र अंगण ओलांडून पलीकडच्या दारावर जाऊन आदळली!

७ डिसेंबर १८८८ रोजीं त्याला पेटंट मिळालें. पुढच्याच वर्षीं विली ह्यूम या सायकलपटूनें बेलफास्टच्या शर्यती हीं चाकें लावून जिंकल्या व हार्वी ड्यू क्रॉस याच्या पुढाकारानें कंपनी निघाली. परंतु १८९० सालीं असें निष्पन्न झालें कीं, रॉबर्ट थॉमसन या स्कॉच गृहस्थानें १८४५ सालींच अशा चाकाचें पेटंट घेतलें होतें. लोक तें विसरून गेले होते, इतकेंच. डनलॉपचें पेटंट रद्द ठरलें. कांहीं वर्षांनीं तो कंपनींतून बाहेर पडला. जगभर त्याचें नांव झालें, पण त्या मानानें संपत्ति त्याला लाभली नाहीं. २३ ऑक्टोबर १९२१ रोजीं डब्लिन येथें त्याचा अंत झाला.

या चाकांत मुळापासून एक उणीव होती. हवा भरली कीं ती निघून जाण्याचें भयहि आलेंच. पहिले टायर चाकाला चिकटवून टाकलेले असत. त्यामुळें खिळा रुतला तर दुरुस्ती मोठी कष्टाची होई. १८९० सालीं चार्ल्स वेल्श यानें तारेच्या कडेचा, काढतां येणारा टायर शोधला. तरीहि मोटारींत जादा चाक नसे. १९०४ सालीं वेल्समधील लॅनेली गांवच्या डेव्हिस बंधूंनीं आरे नसलेलें, हवा भरलेलें चाक काढलें. तें पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून जखडून पुढें जातां येई. त्यांचें दुकान स्टेपनी रस्त्यावर होतें. त्या रस्त्याचें नांव आज आमच्या नाक्यावरच्या प्रत्येक मेकॅनिकच्या तोंडीं आहे!

शास्त्रांतील दहा कुमारींची गोष्ट आमच्या मुलांस ठाऊक आहे. दिवे सर्वांजवळ होते. जादा तेल पांचजणींजवळच होतें. हवा नसलेली स्टेपनी ही तेलावांचूनच्या दिव्यासारखीच होय. म्हणून पालकांस आमची विनंति कीं, स्टेपनींतील हवा, जॅक, पाना, विजेरी व परावर्तक त्रिकोण यांची वेळोवेळीं पाहणी करावी. चाक बसल्यास गाडी रहदारीपासून दूर, सपाट जागीं घ्यावी; हातब्रेक ओढून दुसऱ्या चाकाला दगड लावावा; मंडळींस उतरवून बाजूस उभें करावें; त्रिकोण बराच मागें ठेवावा. नट गाडी उचलण्यापूर्वींच सैल करावे, आणि बसवितांना समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे. उचललेल्या गाडीखालीं मात्र कोणीहि शिरूं नये. अंधारांत त्रिकोणावांचून उभी असलेली गाडी मागून येणाऱ्याचा प्राण घेऊं शकते.

विद्यार्थी मित्रहो, एका बापानें आपल्या लेकराच्या सुखासाठीं केलेली खटपट साऱ्या जगाच्या उपयोगीं पडली, आणि तिची उणीव दुसऱ्यांनीं भरून काढली. तुमच्या घरची स्टेपनी भरलेली आहे ना, हें आज सायंकाळींच पाहा.