डिस्क घडवणारा शाळामास्तर

संग्रामपूर तालुक्यातील अनेक गावे खारपाणपट्ट्यात मोडतात. मूत्रपिंडाच्या तक्रारी हा इथला जुना चिंतेचा विषय आहे. अशा रुग्णाकडे डॉक्टर आधी जुने रिपोर्ट मागतात. समजा, आज क्रिएटिनिन १.४ आले. एवढ्यावरून फारसे ठरवता येत नाही. पण तीन वर्षांपूर्वी ते ०.९ आणि गेल्या वर्षी १.१ होते, हे समजले की आजार कोणत्या दिशेने चालला आहे ते लगेच कळते. छातीत दुखणाऱ्या माणसाचा जुना ईसीजी हाताशी असला तर नव्यातला बदल ओळखणे सोपे जाते. ईसीजीचा कागद मात्र काही वर्षांत फिका पडतो. म्हणून आता काही घरांत मुले सगळे रिपोर्ट संगणकात साठवतात, त्यासाठी दोन डिस्कचा छोटा सर्व्हरही बसवतात. तो भरला की छोट्या डिस्क काढून मोठ्या लावायची वेळ येते. वर्षानुवर्षे जपलेले गमावण्याचा सर्वाधिक धोका याच वेळी असतो.

ही डिस्क ज्यांच्या देखरेखीखाली जन्माला आली ते रेनॉल्ड जॉन्सन मुळात शाळामास्तर होते.

जॉन्सन यांचा जन्म १९०६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, स्वीडनहून आलेल्या कुटुंबात झाला. लहानपणी बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारींची ते खोड काढत. स्पार्क प्लगवर बाहेरून पेन्सिलीने रेघा ओढून ठेवत. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे ठिणगी भलतीकडे जाई आणि मोटार सुरूच होत नसे. पुढे मिशिगनमधील आयर्नवूड गावी विज्ञान शिकवताना उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर आले, तेव्हा हीच खोडी कामी आली. मुलाने पेन्सिलीने केलेली खूण विजेच्या साहाय्याने ओळखून गुण मोजणारे यंत्र त्यांनी बनवले. ते दिवस महामंदीचे होते. १९३४ मध्ये आयबीएम कंपनीने त्यांना अभियंता म्हणून नोकरी दिली आणि काही वर्षांत हे यंत्र बाजारात आणले.

१९५२ मध्ये कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातील सॅन होजे इथे नवी प्रयोगशाळा उभारायला पाठवले. त्या काळी कंपन्यांचे हिशेब छिद्रे पाडलेल्या कार्डांवर असत. एका ग्राहकाची नोंद हवी असेल तर कार्डांचा ढीग उपसावा लागे. चुंबकीय फितीवरही मधली नोंद गाठण्यासाठी आधीची सगळी फीत गुंडाळत जावे लागे. हवी ती नोंद थेट गाठता यावी, हा जॉन्सन यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांच्या चमूने निरनिराळे मार्ग तपासले आणि फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर येऊन ते थांबले.

अडचणी मात्र पुष्कळ होत्या. तबकडीवर चुंबकीय रंगाचा एकसारखा थर हवा होता. तो रंग रेशमी मोज्यातून गाळून, फिरत्या तबकडीच्या मध्यावर कागदी पेल्याने ओतण्याची युक्ती निघाली. नोंद वाचणारे टोक तबकडीच्या अगदी जवळ हवे, पण टेकता कामा नये. त्यासाठी दाबाखालच्या हवेचा पातळ थर मध्ये ठेवला. टोक आणि तबकडी यांतले अंतर साधारण २० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी होते.

१९५६ च्या जूनमध्ये पहिला नमुना सॅन फ्रान्सिस्कोतील एका कागद कंपनीत बसवला गेला आणि सप्टेंबरमध्ये रॅमॅक या नावाने जाहीर घोषणा झाली. आधी प्रत्यक्ष कामावर लावून पाहिले, मग जगाला सांगितले. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवरचा एखादा फोटोही तेवढी जागा व्यापतो.

जॉन्सन १९७१ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या नावावर ९० हून अधिक पेटंट होती. १९८६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना मिळाले. १९९८ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाने वयाच्या ९२ व्या वर्षी ते गेले. तोवर रॅमॅक कधीच अडगळीत गेले होते. डिस्कचा हा धर्मच आहे: छोटी जाते, मोठी येते. नोंदी मात्र पुढे न्याव्या लागतात, त्या आपोआप जात नाहीत.

घरच्या सर्व्हरमध्ये सहसा दोन डिस्कवर एकच मजकूर असतो. एक बिघडली तरी दुसरी काम चालवते. पण ही वेगळी राखलेली प्रत नव्हे. चुकून एका ठिकाणी पुसलेली फाइल दुसरीकडूनही त्याच क्षणी जाते. म्हणून काही काढण्याआधी सगळ्याची प्रत तिसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि त्यातल्या दहा-वीस फाइली उघडून पाहाव्यात. नवी डिस्कही आधी पूर्ण तपासून घ्यावी, नवी म्हणजे निर्दोष असे नसते.

मग जुन्यांपैकी एकच काढावी. कोणती काढतो आहोत हे तिच्यावरचा क्रमांक वाचून ठरवावे. नवी बसवली की यंत्र उरलेल्या डिस्कवरून मजकूर उतरवू लागते. आठ टेराबाइट उतरायला बारा तास किंवा त्याहून जास्त लागू शकतात. या काळात सर्व्हरमध्ये एकच पूर्ण प्रत असते, तीही थकलेल्या जुन्या डिस्कवर. मध्येच वीज गेली तर पंचाईत, म्हणून यूपीएस हवा. आपल्याकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात हे काम थंड खोलीत करावे. उतरवणे पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावरच दुसरी डिस्क बदलावी. पहिली बदलल्यावर जागा वाढत नाही म्हणून घाबरू नये. जोडीतली लहान डिस्क जेवढी, तेवढीच जागा मिळते. दोन्ही मोठ्या झाल्या की ती वाढते, काही यंत्रांत त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते.

शस्त्रक्रियेतही रक्ताचा नवा मार्ग नीट वाहू लागल्याशिवाय जुना बंद करत नाहीत. काढलेल्या डिस्कवर तारीख लिहून काही महिने ती कपाटात ठेवा. टाकून देताना ती पूर्ण पुसून द्या, नाहीतर घरातल्यांचे आजार भंगारवाल्याच्या हाती जातील.

आणि रिपोर्ट संगणकात गेले म्हणून कागदांची पिशवी फेकू नका. दवाखान्यात येताना ती बरोबर आणा.