वाऱ्याला वाट देणारा वास्तुरचनाकार

सीबीडी बेलापूरच्या ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’मधील कौलारू बैठी घरे आता कमी होत चालली आहेत. अनेक ठिकाणी मूळ घराच्या जागी मजले चढले. ही वसाहत रचणारे ख्यातनाम वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांना मात्र घर वाढणे अभिप्रेतच होते.

मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील कोरिया यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयानंतर त्यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ व एमआयटी येथे शिक्षण घेतले आणि १९५८मध्ये मुंबईत व्यवसाय सुरू केला. शिक्षण पाश्चात्त्य असले, तरी उष्ण आणि दमट हवेच्या देशात बंदिस्त इमारती उभारणे त्यांना पटले नाही. अंगण, ओटा, गच्ची, उतरते छप्पर यांना त्यांनी आधुनिक वास्तूत स्थान दिले. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय (१९६३) हे त्याचे पहिले ठळक उदाहरण.

पाण्याकाठच्या त्यांच्या वास्तूंत ही दृष्टी अधिक स्पष्ट दिसते. केरळमधील कोवळम येथे समुद्रासमोरच्या टेकडीच्या उतारावर त्यांनी पर्यटक निवासाच्या खोल्या टप्प्याटप्प्याने बसविल्या. भिंती पांढऱ्या गिलाव्याच्या, छपरे लाल कौलांची. पणजीत मांडवीच्या काठी १९८३मध्ये पूर्ण झालेल्या कला अकादमीसाठी त्यांनी गोव्याचा जांभा दगड वापरला. नाट्यगृह, खुला रंगमंच, कलादालन आणि संगीत-नाट्य शिक्षणाचे वर्ग तेथे एकत्र आले. रस्त्यावरून आलेला माणूस मोकळ्या प्रवेशदालनातून सहज नदीपर्यंत पोहोचतो.

नवी मुंबईची कल्पना कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५मध्ये मांडली. १९७०मध्ये सिडको स्थापन झाल्यावर कोरिया या शहराचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. शासनाचे मुख्यालय खाडीपलीकडे यावे, ही या योजनेमागील मोठी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मंत्रालय हलले नाही आणि नरिमन पॉइंट भरतच गेला.

१९८०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बेलापूरच्या वसाहतीत प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र भूखंड मिळाला. शेजाऱ्याशी सामायिक भिंत नसल्याने प्रत्येकाला घर आपल्या ऐपतीने वाढविता येणार होते. विटा, गिलावा आणि कौले एवढ्यावर स्थानिक गवंडी ते बांधू शकत होता. सात-सात घरांच्या मध्ये सामायिक चौक ठेवण्यात आला.

‘पद्मविभूषण’ने २००६मध्ये गौरविलेल्या कोरिया यांचे १६ जून २०१५ रोजी मुंबईत निधन झाले. जुलै २०२३मध्ये कला अकादमीच्या नूतनीकरणादरम्यान खुल्या रंगमंचाचे छत कोसळले आणि त्यांच्या वास्तूंच्या जतनाचा प्रश्न ऐरणीवर आला. बेलापुरात प्रश्न वेगळा आहे. तेथील भिंती बदलणारच होत्या. चौक मोकळे ठेवणे मात्र रहिवाशांच्या हाती आहे. ते बुजले, तर कोरियांच्या आराखड्याचा गाभाच नाहीसा होईल.