६५ वर्षांचे बाबासाहेब

आमच्या निवासी विद्यालयाच्या सभागृहात तथागतांच्या मूर्तीशेजारी जे तैलचित्र आहे, ते परमपूज्य बाबासाहेबांचे असूनही नवख्या पाहुण्यास क्षणभर अनोळखी वाटते. त्यात निळा सूट नाही, लाल टाय नाही, उंचावलेले बोट नाही. पांढऱ्या वस्त्रांतील, काठीच्या आधाराने उभे असलेले एक थकलेले वृद्ध त्यात दिसतात. आपल्या वाडवडिलांना ज्यांनी धम्म दिला, ते हेच बाबासाहेब.

हे चित्र सहजासहजी सिद्ध झाले नाही. आमच्या चित्रकला शिक्षकांच्या पहिल्या चित्रात चेहरा तुकतुकीत, केस काळेभोर आणि पाठ ताठ होती. चांद्यास दीक्षा घेतलेल्या वडीलधाऱ्यांनी त्यास हात जोडले, परंतु आपण पाहिलेले बाबासाहेब असे नव्हते, हेही सांगितले. तेव्हा नागपूरच्या दीक्षा समारंभाची छायाचित्रे समोर ठेवून चित्र सुधारण्यास आरंभ झाला. काही पालकांना ते रुचले नाही. ज्यांच्याकडे पाहून मुलांनी ताठ मानेने जगावयाचे, त्यांना वाकलेले का दाखवावे, ही त्यांची शंका रास्त होती. तिचे उत्तर आम्हांस बाबासाहेबांच्या चरित्रातच मिळाले.

प्रथम चेहऱ्यावर सुरकुत्या आल्या. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांची आई ते लहान असतानाच गेली. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर त्यांना वेगळे बसावे लागे. १९१३ साली वडील रामजी निवर्तले आणि त्याच वर्षी ते कोलंबिया विद्यापीठात शिकण्यास अमेरिकेला गेले. लंडनमधील शिक्षण अर्ध्यावर सोडून १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर एवढ्या विद्वानास त्या नगरीत राहण्यास जागा मिळेना. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले आणि त्याच वर्षी डी. एस्सी.ही झाले. पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. १९३५ साली माता रमाईही गेल्या. एवढे सोसलेला चेहरा तुकतुकीत कसा असेल?

मग पाठ किंचित वाकली. महाडचा सत्याग्रह, नाशिकचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, येवल्याची घोषणा, असा हा अखंड संघर्ष होता. सोबतच विद्यार्थ्यांची चिंता होती. आपल्या मुलांना शिकण्यासाठी राहण्याची सोय हवी, हे जाणून बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूर येथे वसतिगृह काढले. आमच्यासारख्या निवासी विद्यालयांचे मूळ तेथे आहे. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटी, मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. मधुमेहाने शरीर पोखरले असतानाच १९४७ ते १९४९ या काळात त्यांनी मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळून राज्यघटना सिद्धीस नेली. ती पाठ ओझ्याने वाकली होती. कोणापुढे वाकली नव्हती.

तिसरी सुधारणा हातांची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या मंचावर येताना त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात सहायक नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर होता. आधार घेऊन चालणाऱ्या त्या महामानवाने भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग जनसमुदायास स्वतः दीक्षा व २२ प्रतिज्ञा दिल्या. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, विश्रांतीची गरज असलेला तो देह सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास करून चांद्यास आला. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. झाडीपट्टीतून, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरून माणसे तेथे गोळा झाली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या समारंभात बाबासाहेबांनी आपल्या माणसांना धम्माची दीक्षा दिली. निरोगी तरुणाने केलेला प्रवास आणि जर्जर देहाने केलेला प्रवास यांचे मोल एक नसते. काठी पुसून टाकली, तर त्या येण्याचे मोलही पुसले जाते.

शेवटी राहिले डोळे. उतारवयात बाबासाहेबांनी स्वतः चित्रकलेचे धडे घेतले होते. त्यांनी रेखाटलेल्या बुद्धांचे डोळे मिटलेले नसून उघडे होते. जगाच्या दुःखाकडे पाहणारा बुद्ध त्यांना हवा होता. हे स्मरून आमच्या शिक्षकांनी चष्म्यामागील डोळ्यांवर सर्वाधिक दिवस खर्च केले. पापण्या जड ठेवल्या, पण नजर जागी ठेवली. तीच नजर नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत होती. ५ डिसेंबरच्या रात्रीही ती ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेकडे लागलेली होती. चांद्यानंतर अवघ्या ५१ दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

चित्राचे अनावरण झाले, तेव्हा शंका घेणारे पालकही आले होते. ते बराच वेळ चित्रापुढे उभे राहिले आणि आपल्या मुलांना जवळ बोलावून ती काठी त्यांनीच दाखवली.

या सभागृहातून शिकून बाहेर पडलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी घरी निळ्या सुटातील बाबासाहेब अवश्य लावावेत. ती प्रतिमा आपल्या स्वाभिमानाची आहे. मात्र विद्यालयात याल, तेव्हा या वृद्ध बाबासाहेबांपुढेही घटकाभर उभे राहा. आपल्या उंबरठ्यापर्यंत ते कोणत्या अवस्थेत चालत आले, हे विसरू नये, एवढ्यासाठीच आम्ही हे चित्र येथे लावले आहे.