आकड्यांना वाचा देणारे वक्ते : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

बेंगळुरूच्या बसवनगुडी भागात, बुल टेंपल रस्त्यावर, गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स ही संस्था आहे. कन्नड साहित्यातील थोर पुरुष डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली स्थापन केली. गुंडप्पांनी गोखल्यांचे चरित्रही कन्नडमध्ये लिहिले. कोकणातल्या एका खेड्यात जन्मलेल्या मराठी माणसाचे नाव आपल्या संस्थेला द्यावे असे एका कन्नड विचारवंताला वाटले, ही गोष्ट या नगरीत राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना अभिमानाची वाटते. परंतु नुसत्या अभिमानाने काम भागत नाही. लोकांपुढे उभे राहून बोलायचे, तर आधी विषयाचा अभ्यास हवा, हा धडा ज्यांनी स्वतःच्या आयुष्यातून घालून दिला, त्या गोखल्यांची ओळख मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने नव्या पिढीला करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली ते वारले आणि संसाराचा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर पडला. त्यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली, व त्यातून ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत घर चाले. भावाच्या या त्यागाची जाणीव गोपाळरावांनी जन्मभर ठेवली. कोल्हापूर, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून १८८४ साली ते बी. ए. झाले. अफाट पाठांतर ही त्यांची विद्यार्थिदशेतली ख्याती होती. इंग्रज वक्त्यांचे व लेखकांचे उतारेच्या उतारे त्यांना मुखोद्गत असत. आरंभी या पाठांतराची थोडी थट्टाही होई. पण परभाषेवर जे प्रभुत्व त्यांनी पुढे गाजविले, त्याचा पाया या घोकंपट्टीतच घातला गेला होता, हे विसरून चालणार नाही.

पदवी मिळताच मोठ्या पगाराच्या मागे न लागता ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असा जो विषय वाट्याला येईल तो ते शिकवीत. आज आपण तयार आहोत की नाही हे विचारण्याची सोय शिक्षकाला नसते. तास ठरलेला असतो आणि समोर विद्यार्थी बसलेले असतात. रोजच्या रोज तयारी करून, कठीण विषय सोपा करून मांडण्याची सवय त्यांना येथे जडली. १९०२ पर्यंत त्यांनी हे व्रत पाळले.

परंतु गोखल्यांना गोखले केले ते न्यायमूर्ती रानडे यांनी. सार्वजनिक सभेचे चिटणीस व तिच्या त्रैमासिकाचे संपादक या नात्याने गोपाळराव रानड्यांच्या हाताखाली तयार झाले. रानड्यांची शिस्त कडक होती. सरकारी अहवाल मुळातून वाचायचे, आकडे ताडून पाहायचे, मग अर्जाचा मसुदा करायचा आणि गुरूच्या पसंतीस उतरेपर्यंत तो पुनःपुन्हा लिहायचा. सरकारकडून उत्तर येवो अगर न येवो, लिहिणाऱ्याचे शिक्षण होतेच, अशी या गुरूची धारणा होती. या शिक्षणात दुसरेही एक नाव आदराने घेतले पाहिजे. ते म्हणजे शिक्षणखात्यातील गणेश व्यंकटेश जोशी. ‘सार्वजनिक काका’ या नावाने प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी ते हे नव्हेत. सोलापुरास राहून या गृहस्थाने सरकारी जमाखर्चाचा जो व्यासंग केला, त्याला त्या काळी तोड नव्हती. गोखले त्यांच्याकडून टिपणे मागवीत, आपले मसुदे त्यांना दाखवीत. सभेत टाळ्या गोखल्यांना मिळाल्या, आणि जोशी मात्र पडद्याआड राहिले. कचेरीत आयुष्य घालविलेल्या आम्हां लोकांना या पडद्याआडच्या श्रमांचे मोल अधिक कळते. पुढाऱ्याच्या मुखातून निघणाऱ्या एकेका आकड्यामागे कोणाचा तरी दिवा रात्रभर जळलेला असतो.

१८९७ साल गोखल्यांच्या आयुष्यात मोठे कसोटीचे ठरले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. वय अवघे ३० वर्षांचे. रानडे व जोशी यांच्या मदतीने तयार केलेले लेखी निवेदन त्यांच्यापाशी होतेच; शिवाय उलटतपासणीत काय विचारले जाईल याचाही विचार आधी झालेला होता. जाणत्या इंग्रज मुत्सद्द्यांपुढे या तरुण प्राध्यापकाने न डगमगता उत्तरे दिली आणि चहूकडे नाव मिळविले.

पण त्याच मुक्कामात दुसरी घटना घडली. पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. घरतपासणीच्या निमित्ताने गोऱ्या सोजिरांनी केलेल्या जुलमांविषयी पुण्याहून मित्रांची पत्रे आली. त्यांवर विश्वास ठेवून गोखल्यांनी स्त्रियांवरील अत्याचाराचा गंभीर आरोप विलायतेतील वृत्तपत्रात केला. पार्लमेंटात खळबळ उडाली व सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर गोपाळरावांनी पुष्कळ खटपट केली; पण सिद्ध करता येईल असा पुरावा हाती येईना. पत्रे पाठविणाऱ्यांची नावे उघड करून त्यांना संकटात लोटणे त्यांच्या मनाला पटणारे नव्हते. अखेर ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्याबद्दल स्वकीयांनी त्यांना भित्रा ठरविले, परकीयांनी खोटा ठरविले. त्या वेळी पुण्यात लोकांचे हाल झाले नाहीत असे कोणीच म्हणणार नाही; परंतु जे सिद्ध करता येत नाही ते आपण बोललो, हे शल्य गोखल्यांच्या मनात कायमचे रुतून राहिले. एखादा दुसरा या आघाताने सार्वजनिक जीवनातून उठला असता. गोखल्यांनी मात्र त्यातून नियम काढला : पुरावा आधी, शब्द नंतर. पुढील १८ वर्षांत त्यांच्या आकड्यांपुढे सरकारपक्षालाही सावध राहावे लागे, याचे मूळ आम्हांस या माफीत दिसते.

मुंबई कायदे कौन्सिलात काही काळ काम केल्यावर ते वरिष्ठ कायदे कौन्सिलात गेले आणि २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी होते. सरकारी तिजोरीत सुमारे ७ कोटींची शिल्लक पडली होती, आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून मिरविली जात होती. सभासदांना अंदाजपत्रकावर मत देण्याचाही हक्क नव्हता. फक्त बोलता येई. गोखल्यांनी काय केले? त्यांनी आरडाओरडा केला नाही. ही शिल्लक आली कोठून, एवढेच उलगडून दाखविले. रुपयाचा भाव घसरून सुमारे १३ पेन्सांवर आला होता, त्या तंगीच्या काळात सरकारने कर वाढविले. मिठावरील कर १८८८ साली मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे रुपया १६ पेन्सांवर स्थिर झाला, विलायतेस पाठवावयाच्या रकमेत बचत झाली. पण वाढीव कर तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक सुबत्तेची नसून गरजेबाहेर घेतलेल्या करांची होती, आणि तीही दोन भीषण दुष्काळांनी पोळलेल्या रयतेकडून घेतलेली. कर वाढला की गरीब माणसाच्या तोंडचे मीठ कसे कमी होते, हे त्यांनी खपाच्या आकड्यांवरून दाखविले. सामान्य माणसाला समजेल अशा या मांडणीपुढे सरकारी प्रौढी फिकी पडली. गुरुवर्य रानडे हे यश पाहावयास उरले नव्हते. जानेवारी १९०१ मध्येच ते निवर्तले होते.

पुढच्याच वर्षी मिठावरचा कर ८ आण्यांनी उतरला व प्राप्तिकराची माफीची मर्यादा ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर गेली. १९०५ साली मिठाचा कर दीड रुपया व १९०७ साली १ रुपया झाला. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे त्यांनाच आवडले नसते. तथापि वर्षानुवर्षे त्यांनी त्याच मागणीचा पाठपुरावा केला, हेही तितकेच खरे.

१९०५ साली ते बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी १२ जून रोजी पुण्यास त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. नव्या सभासदाने ५ वर्षे उमेदवारी करावी, देश पाहावा, अभ्यास करावा, असा दंडक होता. आधी बोलण्याची पात्रता, मग बोलण्याचा अधिकार, असा त्यामागचा विचार दिसतो.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. निरनिराळ्या देशांत लोकसंख्येच्या शेकडा किती मुले प्राथमिक शाळेत जातात याचा पट त्यांनी कौन्सिलापुढे मांडला. जपानात ११, बडोदे संस्थानात ५, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात केवळ १.९! मागणी मात्र माफक होती. जेथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच बरे आहे, तेथे स्थानिक संस्थांना ६ ते १० वर्षांच्या मुलांसाठी सक्ती करण्याची मुभा द्यावी, इतकेच. वर्षभराने १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. मग एवढ्या अभ्यासाचा उपयोग काय झाला? लोकमान्यांसारख्या जहाल पुढाऱ्यांचा आक्षेप हाच होता, की ज्याच्या हाती सत्ता आहे तो युक्तिवादाने वितळत नाही. या आक्षेपात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु शास्त्रशुद्ध रीतीने मांडलेला विषय मतदानाने मरत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारी घटनादुरुस्ती २००२ साली झाली व तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या वाटेवरचा पहिला मैलाचा दगड १९११ चा आहे.

१९१२ च्या अखेरीस गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले. गांधीजी सावलीसारखे बरोबर होते. तेथील मंत्र्यांना भेटण्यापूर्वी गोखल्यांनी हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांचा सारा इतिहास त्यांच्याकडून लिहून घेतला, रात्री जागून तो आत्मसात केला, पुनःपुन्हा शंका विचारल्या. प्रकृती मधुमेहाने पोखरलेली असतानाची ही मेहनत! याच दौऱ्यातली एक हकीकत आपल्या मंडळात तरी आवर्जून सांगितली पाहिजे. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान व काही महाराष्ट्रीय हिंदू होते. त्यांच्यापुढे गोखल्यांनी मायबोलीतच बोलावे असा गांधीजींनी आग्रह धरला आणि मराठी भाषणाचा हिंदुस्थानीत अनुवाद स्वतः केला. तेव्हापासून झांजिबारपर्यंत आपल्या लोकांच्या सभांतून गोखले मराठीतच बोलले. इंग्रजीवर एवढी हुकमत असलेल्या या वक्त्याचे मराठी साता समुद्रापार गांधीजींच्या मुखातून पोहोचले, ही आठवण परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने जपून ठेवावी अशीच आहे.

अतिश्रमाने देह झिजला होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, गोखल्यांची प्राणज्योत मालवली. आयुष्यभर ज्यांचे मतभेद राहिले ते लोकमान्य टिळकही अंत्यविधीस आले व त्यांनी आदरांजली वाहिली. ज्या करारबंद मजुरांसाठी गोखले कौन्सिलात झगडले, त्यांची परदेशी पाठवणी १९१७ साली थांबली. ते पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

गोखल्यांच्या वाणीत मेघगर्जना नव्हती, नाट्य नव्हते. श्रोता सभेतून उठताना भारावून जाण्याऐवजी शहाणा होऊन जावा, ही त्यांची धडपड होती. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर कितीतरी व्याख्याने झाली, वक्तृत्वस्पर्धा रंगल्या. यापुढेही त्या रंगोत. मात्र मुलाबाळांना हावभाव व आवाजाचे चढउतार शिकविताना, आपण जे सांगतो ते खरे कशावरून, हा एक प्रश्न स्वतःस विचारावयासही आपण त्यांना शिकवू या. गोखल्यांच्या स्मृतीस याहून योग्य अभिवादन आम्हांस सुचत नाही.