वॉल्टर टल आणि त्याचा भाऊ

खेळाडूचे चरित्र म्हटले की त्याने किती गोल केले आणि किती पदके मिळविली याचा हिशेब आधी येतो. वॉल्टर टलच्या बाबतीत हा हिशेब लवकर आटोपतो. टॉटनहॅम हॉटस्पर या लंडनच्या नामांकित संघाकडून पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये तो अवघे दहा सामने खेळला. तरीही आज इंग्लंडमधल्या शाळांत त्याचे नाव मुलांना शिकविले जाते, ते मुख्यत: त्याने पहिल्या महायुद्धात गाजविलेल्या शौर्यामुळे. आम्हांला मात्र वाचकांपुढे त्याच्या आयुष्यातली एक निराळीच बाजू ठेवावयाची आहे. वयाच्या बाराव्या वर्षी ज्या भावापासून त्याची ताटातूट झाली, त्या भावाशी त्याने शेवटपर्यंत नाते कसे राखले, ती ही हकिकत.

वॉल्टरचा जन्म २८ एप्रिल १८८८ रोजी इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील फोकस्टोन या गावी झाला. वडील डॅनियल टल हे वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटाचे, धंद्याने सुतार. त्यांच्या वडिलांनी गुलामगिरीचे दिवस भोगले होते. डॅनियल १८७६ साली इंग्लंडात आले. फोकस्टोनला ते वेस्लियन मेथडिस्ट मंडळीत उपासनेस जात. केंट परगण्यातील ॲलिस पामर या गोऱ्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला आणि संसार चांगला चालला. एक मुलगी तान्हेपणीच वारली. पुढे विल्यम, सिसिलिया, एडवर्ड, वॉल्टर आणि एल्सी ही भावंडे वाढली. एडवर्ड वॉल्टरहून थोडाच मोठा, त्यामुळे दोघांची जोडी जमली.

१८९५ साली आई कर्करोगाने वारली. पाच लेकरे पदरात, म्हणून डॅनियल यांनी ॲलिसच्याच एका चुलत-मामे नात्यातल्या बहिणीशी, क्लाराशी, दुसरे लग्न केले. तिला मिरियम नावाची मुलगी झाली आणि १८९७ च्या डिसेंबरात डॅनियल स्वत: हृदयविकाराने देवाघरी गेले. घरात आता एक तरुण विधवा, तिची तान्ही मुलगी आणि सवतीची पाच मुले.

सावत्र आई म्हटले की आपले मन आधीच कलुषित होते. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीच तशा असतात. क्लाराविषयी लिहिणारे बहुतेक लोक तिने दोन मुलांना अनाथाश्रमात धाडले एवढे एक वाक्य लिहून पुढे जातात. आम्हांला हे बरोबर वाटत नाही. तिने आधी गावच्या गरीब-निधीच्या पंचांकडे अर्ज केला. थोरला विल्यम कामाला जाऊ लागला होता, सिसिलिया घरकामाला हातभार लावी, पण तेवढ्याने इतक्या तोंडांना पुरणार कसे? तेव्हा मेथडिस्ट पाळकाच्या सल्ल्याने एडवर्ड व वॉल्टर यांना लंडनमधील बेथनल ग्रीन येथील बालगृहात ठेवण्याचे ठरले. मुली तिने आपल्यापाशीच ठेवल्या. या परिस्थितीत तिने दुसरे काय करायला हवे होते, हे आम्हांला तरी सांगता येणार नाही.

हे बालगृह रेव्हरंड टॉमस बोमन स्टीफन्सन या मेथडिस्ट पाळकाने १८६९ साली लंडनच्या रस्त्यांवर निजणाऱ्या मुलांसाठी सुरू केले होते. १८९८ च्या फेब्रुवारीत दोघे भाऊ तेथे दाखल झाले. शाळा, प्रार्थना, कामधंद्याचे शिक्षण आणि मोकळ्या वेळी फुटबॉल असा तेथला क्रम होता. वॉल्टर छपाईचे काम शिकू लागला. एडवर्डचा आवाज गोड होता, म्हणून त्याला गायनवृंदात घेतले. हा वृंद वर्गणी गोळा करण्यासाठी गावोगाव जाई. तसाच तो स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी गेला असता तेथील वॉर्नॉक नावाच्या कुटुंबाने एडवर्डला पाहिले आणि १९०० साली त्याला दत्तक घेतले.

एडवर्डला घर मिळाले, बाप मिळाला. हा नवा बाप दंतवैद्य होता आणि पुढे एडवर्डही त्याच धंद्यात शिरला. वॉल्टर मात्र लंडनलाच राहिला. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना योसेफ आणि बन्यामीन यांची गोष्ट मुलांना सांगावी लागते. एका आईच्या दोन मुलांपैकी एक दूरदेशी गेला की मागे राहिलेल्याच्या मनाचे काय होते, हे ती गोष्ट फारसे सांगत नाही. वॉल्टरच्या मनात काय चालले असेल ते आम्हीही सांगू शकत नाही. पण पुढे जे घडले त्यावरून एवढे दिसते की भावाच्या सुदैवाचा त्याने मत्सर केला नाही. लंडन आणि ग्लासगो यांत चारशे मैलांचे अंतर, तरी दोघांचा संबंध तुटला नाही.

१९०८ साली वॉल्टरला क्लॅप्टन या हौशी संघात जागा मिळाली. त्या हंगामात संघाने इंग्लंडचा हौशी संघांचा चषक जिंकला आणि लगेच १९०९ साली टॉटनहॅमने त्याला पगारी खेळाडू म्हणून घेतले. करारावर सही करताना दहा पौंड आणि पुढे आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड. त्या काळी खेळाडूला याहून अधिक देण्याची नियमानेच मनाई होती. अनाथाश्रमातल्या पोराला ही रक्कम थोडी नव्हती. उन्हाळ्यात संघाबरोबर तो बोटीने अर्जेंटिना व उरुग्वे येथे जाऊन आला. परत आल्यावर लीगचे सामने सुरू झाले आणि ऑक्टोबरात ब्रिस्टल येथील सामन्यात प्रेक्षकांतील काही टोळक्यांनी त्याच्या वर्णावरून इतक्या गलिच्छ शिव्या दिल्या की वर्तमानपत्रांनाही त्याची दखल घ्यावी लागली. तो शांतपणे खेळत राहिला. परंतु त्यानंतर संघाने त्याला हळूहळू दुय्यम चमूत टाकले.

तिकडे एडवर्डचीही गत वेगळी नव्हती. १९१२ साली तो दंतवैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाला. बर्मिंगहॅमला नोकरी ठरली; पण प्रत्यक्ष त्याचा चेहरा पाहताच मालकाने त्याला ठेवून घेतले नाही. अखेर त्याने ग्लासगोला आपल्या दत्तक बापाच्याच दवाखान्यात काम धरले आणि तेथे त्याचा जम बसला. फुटबॉल तोही हौसेने खेळे. दोघा भावांनी एकमेकांची दु:खे एकमेकांना न सांगता समजून घेतली असतील, असे आम्हांला वाटते.

१९११ साली वॉल्टर नॉर्दॅम्प्टन टाउन संघात गेला. तेथील व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन पुढे फार मोठ्या कीर्तीस चढला; तोही मेथडिस्ट होता. या संघातर्फे वॉल्टर शंभरावर सामने खेळला. ही त्याच्या खेळातली सर्वांत चांगली वर्षे.

१९१४ च्या अखेरीस त्याने सैन्यात नाव घातले. मिडलसेक्स पलटणीची एक तुकडी खास फुटबॉल खेळाडूंसाठी काढली होती, तीत तो गेला. फ्रान्सच्या खंदकांत तोफांच्या भडिमाराने त्याचे मन खचले आणि १९१६ च्या मे महिन्यात त्याला उपचारासाठी मायदेशी पाठवावे लागले. वीरपुरुषांच्या चरित्रांत असल्या गोष्टी झाकल्या जातात. आम्हांला त्या झाकण्याचे कारण दिसत नाही. बरा होऊन तो पुन्हा सोमच्या रणभूमीवर गेला आणि वर्षअखेर खंदकातल्या तापाने परत आला.

यानंतर त्याला अधिकाऱ्याच्या शिक्षणासाठी निवडण्यात आले. गोरेतर माणसाने गोऱ्या शिपायांवर हुकूम चालवू नये असाच लष्करी नियमांचा रोख होता, तरी वरिष्ठांनी त्याची शिफारस केली. शिक्षणाची छावणी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेल्स येथे होती, ग्लासगोपासून फार लांब नाही. ताटातूट झाल्याला सोळा वर्षे लोटली होती आणि आता भाऊ आगगाडीच्या थोड्याशा प्रवासावर आला होता. याच दिवसांत, लढाई संपल्यावर ग्लासगोच्याच रेंजर्स संघातर्फे खेळण्याचे त्याने कबूल केले, असे सांगतात. नॉर्दॅम्प्टनला त्याला मान होता, तेथे परत जाण्यास कोणी अडविले नसते. त्याने भावाचे गाव निवडले असेल तर त्याचे आम्हांस नवल वाटत नाही. त्याचे लग्न झालेले नव्हते. त्याला घर म्हणावे असे जे काही होते ते एडवर्डपाशीच होते.

३० मे १९१७ रोजी तो सेकंड लेफ्टनंट झाला. इटलीत पियावे नदीच्या आघाडीवर त्याने रात्रीच्या अंधारात २६ शिपाई नदीपलीकडे शत्रूच्या हद्दीत नेले आणि सर्वांना सुखरूप परत आणले; सेनापतीने त्याच्या धैर्याची लेखी प्रशंसा केली. मग पलटण फ्रान्सला परतली. जर्मनांनी १९१८ च्या मार्चमध्ये मोठी चढाई केली आणि २५ मार्चला फाव्रुई गावाजवळ माघार घेत असता गोळी लागून वॉल्टर पडला. तो अवघा २९ वर्षांचा होता. लेस्टरचा जुना गोलरक्षक टॉम बिलिंगहॅम त्याच्याच हाताखाली शिपाई होता. त्याने भडिमारात वॉल्टरला उचलून आणण्याची खटपट केली, पण त्याला ते साधले नाही. देह कधीच सापडला नाही. अरास येथील स्मारकावर तेवढे नाव कोरलेले आहे.

तार ग्लासगोला एडवर्डकडे गेली. सोबतच्या एका अधिकाऱ्याने त्याला पत्रही लिहिले. वॉल्टरची मिलिटरी क्रॉस या पदकासाठी शिफारस झाली होती असे त्यात होते. ते पदक त्याला दिले गेले नाही. थोरला भाऊ विल्यम याने इंजिनिअर दलात नोकरी केली होती. तो १९२० साली वारला.

एडवर्ड १९५० पर्यंत जगला. दत्तक गेल्यावरही त्याने बापाचे नाव टाकले नाही. टल-वॉर्नॉक असे दोन्ही मिळून तो लावी. वॉल्टरची छायाचित्रे, पदके आणि कागद त्याने जपून ठेवले व ते पुढे त्याच्या मुलीच्या घरी आले. वॉल्टर टल हे नाव सत्तर-पाऊणशे वर्षे लोक जवळजवळ विसरून गेले होते. १९९० नंतर इतिहासाचे अभ्यासक त्याचा शोध घेऊ लागले आणि १९९९ साली नॉर्दॅम्प्टनच्या मैदानाशेजारी त्याचे स्मारक उभे राहिले. त्या शोधात अभ्यासकांच्या हाती जे लागले त्यातले पुष्कळसे याच घरातून निघाले.