रमाबाईंचा हिशेब

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता सर्वांस ठाऊक. त्यांचा चोख हिशेब थोड्यांस. १८८७ सालीं बोस्टन येथें स्थापन झालेल्या संस्थेनें दहा वर्षें मदतीचें वचन दिलें, त्यावर १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढें दुष्काळ पडला (तो म्हणजे काय हें परभणीकरांस सांगणें नको!) व मध्यप्रांतांतील शेंकडों अनाथ मुली केडगांवीं आल्या. इतका भार डोक्यावर असतांही, मुदत सरतांच १८९८ सालीं बाई स्वतः अमेरिकेस जाऊन कामाचा वृत्तांत देत्या झाल्या. जुनी संस्था विसर्जन पावली. लगेच नवी उभी राहिली. विश्वास असाच मिळतो. मूळ भाषांवरून केलेल्या सोप्या मराठी पवित्र शास्त्राचीं शेवटचीं मुद्रितें तपासून झाल्यावरच, ५ एप्रिल १९२२ रोजीं, त्या निवर्तल्या.