पहाटेच्या तीन तासांचे धनी : अँथनी ट्रोलप

अवघड काम उद्यावर ढकलणे ही मनुष्यस्वभावाची फार जुनी खोड आहे. जैन तत्त्वज्ञानाने प्रमादाची गणना कर्मबंधाच्या पाच कारणांत केली आहे. आळस आणि दिरंगाई ही त्या प्रमादाचीच रूपे होत. देश, धर्म आणि भाषा या तिन्ही दृष्टींनी परक्या असलेल्या एका इंग्रज टपाल अधिकाऱ्याने या शत्रूवर कसा विजय मिळविला, याची कथा म्हणूनच मननीय आहे.

अँथनी ट्रोलप यांचा जन्म २४ एप्रिल १८१५ रोजी लंडन येथे झाला. वडील विद्वान, परंतु तापट स्वभावाचे. त्यांची वकिली चालली नाही आणि शेतीतही खोट आली. धर्मविषयक शब्दांचा एक विशाल कोश रचण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. तेही अपुरेच राहिले. श्रीमंतांच्या मुलांसाठी असलेल्या शाळेत हा दरिद्री मुलगा रोज अवहेलना सोसत वाढला. अखेर १८३४ मध्ये सावकारांच्या तगाद्यामुळे कुटुंबाला देश सोडून बेल्जियममधील ब्रुज या गावी आश्रय घ्यावा लागला.

या पडत्या घराला सावरले ते मातोश्री फ्रान्सेस यांनी. त्यांचे पहिले पुस्तक १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या वयाला ५३ वर्षे झाली होती. ब्रुज येथे पती आणि पुत्र हेन्री दोघेही अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या खोलीत औषधाच्या बाटल्या आणि शाईची दौत शेजारी शेजारी असत. डिसेंबर १८३४ मध्ये हेन्री गेला, पुढच्या वर्षी पती गेले आणि १८३६ च्या प्रारंभी कन्या एमिलीही गेली. तरीही त्या माउलीची लेखणी थांबली नाही, कारण तिच्यावरच घराची चूल पेटत होती. पहाटे चार वाजता त्या लिहावयास बसत आणि जग जागे होण्यापूर्वी आपले काम संपवीत.

असा आदर्श घरात असूनही पुत्राने तो लगेच उचलला नाही. १८३४ मध्ये लंडनच्या मुख्य टपाल कचेरीत वार्षिक ९० पौंडांवर ते कारकून झाले आणि पुढील सात वर्षे त्यांनी अक्षरशः वाया घालविली. कचेरीत उशिरा पोहोचणे, वरिष्ठांची बोलणी खाणे, कर्ज काढणे हा नित्यक्रम झाला. शिंप्याचे १२ पौंडांचे देणे व्याजाने वाढत २०० पौंडांच्या वर गेले. कादंबरी लिहावी ही तळमळ मनात होती; परंतु मनोराज्यांतच दिवस सरत आणि प्रारंभ मात्र होत नसे. आपण निष्क्रिय आहोत हे शल्य त्यांना रोज टोचत असे. पण केवळ टोचणीने काम होत नाही.

१८४१ मध्ये आयर्लंडमध्ये बदली झाली आणि जीवनाला वळण लागले. घोड्यावर बसून गावोगाव फिरण्याचे, जबाबदारीचे काम मिळाले. त्यात ते निष्णात ठरले. १८४३ मध्ये पहिली कादंबरी लिहावयास घेतली. पहिल्या तिन्ही पुस्तकांना वाचक लाभले नाहीत. तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. १८५५ मध्ये ‘द वॉर्डन’ प्रसिद्ध झाली आणि नाव होऊ लागले. हिंदुस्थानकडे जाणारे टपाल इजिप्तमधून रेल्वेने नेण्याच्या करारासाठी १८५८ मध्ये ते तिकडे गेले, तेव्हा बोट लागून ओकाऱ्या होत असतानाही पुन्हा पुन्हा मेजाशी येऊन लिहीत राहिले. इजिप्तमध्ये एक कादंबरी संपली आणि दुसऱ्याच दिवशी पुढची सुरू झाली.

१८५९ मध्ये लंडनजवळील वॉल्थम क्रॉस येथे बिऱ्हाड केल्यावर हा नियम पूर्णत्वास गेला. त्यांना स्वतःच्या निश्चयावर फारसा भरवसा नव्हता. म्हणून जुन्या मोतद्दाराला वर्षाला ५ पौंड जादा देऊन, रोज पहाटे कॉफी घेऊन आपल्याला उठविण्याचे काम त्यांनी सोपविले. आपल्या यशाचे मोठे श्रेय ते या सेवकालाच देत. साडेपाचला ते मेजाशी बसत. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लेखन वाचून पाहावयाचे. मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहावयाचे. साडेआठला लेखणी खाली. दिवसातले सर्वांत कठीण काम न्याहारीपूर्वीच उरकलेले असे आणि नोकरीचा दिवस निर्वेध मिळे. रोज किती पाने झाली याची नोंद ते एका वहीत करीत. रिकामा गेलेला दिवस त्या वहीत लपविता येत नसे.

सरकारी नोकरीत त्यांनी कसूर केली नाही. चॅनेल बेटांवर १८५२ मध्ये रस्त्यावरील टपालपेट्या सुरू झाल्या, त्या त्यांच्याच शिफारशीवरून. १८६७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा सेवेला ३३ वर्षे झाली होती. ६ डिसेंबर १८८२ रोजी त्यांचे देहावसान झाले. मागे ४७ कादंबऱ्या राहिल्या.

या शिस्तीची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८८३ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि घड्याळ लावून केलेल्या लेखनाची हकिकत वाचून अनेक रसिकांनी नाक मुरडले. कीर्ती काही काळ झाकोळली. परंतु काळाने निवाडा दिला. त्यांच्या कादंबऱ्या आजही वाचल्या जातात.

सात वर्षे निष्क्रियतेत घालविणाऱ्या त्या कारकुनाचा स्वभाव एका रात्रीत पालटला नव्हता. त्यांनी स्वतःचा दुबळेपणा ओळखला, जागे करणारा माणूस नेमला, हिशेबाची वही ठेवली आणि सर्वांत अवघड कामाला दिवसाचा पहिला प्रहर दिला. मातेने दुःखाच्या पहाटे जे आचरून दाखविले, ते पुत्राने उशिरा का होईना, आयुष्यभर पाळले. अप्रमादाची साधना अशीच एकेका पहाटेने घडत असते.